ज्योत तीच, धग वेगळी

आपल्या स्वयंपाकघरातल्या शेगडीची निळी ज्योत आणि हाँगकाँगमधल्या एखाद्या खानावळीत वॉकखाली घोंघावणारी आग, यांचं तापमान जवळजवळ सारखं असतं. विश्वास बसायला अवघड आहे, पण रसायनशास्त्र लहान-मोठ्या बर्नरमध्ये भेद करत नाही. प्रोपेन आणि ब्यूटेनचे रेणू तेच, हवेतला ऑक्सिजन तोच, त्यामुळे त्यांच्या जळण्यातून निघणारे वायूही तेवढेच तापतात. एलपीजी हवेत पुरेपूर जळला तर ज्योत तत्त्वतः १९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. लोखंड वितळतं १५३८ अंशांना. म्हणजे सकाळच्या पोह्यांसाठी आपण जी ज्योत पेटवतो ती, निदान कागदावर तरी, कढई वितळवण्याइतकी तापलेली असते.

मग घरी केलेल्या हाका नूडल्सना पाणी का सुटतं? कोबी, गाजर, सिमला मिरची, सगळं चायनीजच्या गाडीवर चिरतात तसंच चिरलेलं. सॉस तेच, नूडल्स त्याच. गाडीवरचा मुलगा दोन-तीन मिनिटांत प्लेट हातात देतो. त्यात भाजी करकरीत, नूडल्स सुट्या, आणि सगळ्याला एक धुरकट खमंगपणा. घरच्या कढईत मात्र मिनिटाभरात तळाशी पाणी जमतं, भाजी त्यात उकडायला लागते आणि शेवटी हाती येतो तो मऊ, ओलसर प्रकार. चव वाईट नसते, पण ती परतलेल्या पदार्थाची चव नसते.

दिवाळीतली फुलबाजी आठवून पाहा. तिच्या ठिणग्या हजार अंशांच्या वर तापलेल्या असतात. तरी एखादी हातावर पडली तर बारीकसा चटका बसतो आणि संपतं. ठिणगीचं वजन इतकं क्षुल्लक की तापमान प्रचंड असूनही तिच्याजवळ द्यायला उष्णताच नसते. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. कढईसमोर उभं राहिलं की ते पाठांतर एकदम जिवंत होतं, कारण इथे प्रश्न ज्योत किती तापली आहे हा नसतोच. दर सेकंदाला ती किती उष्णता आत ढकलते, हा असतो.

ते मोजायचं माप किलोवॉट. आपल्या घरगुती शेगडीचा मोठा बर्नर साधारण २ ते ३ किलोवॉटचा असतो. चिनी खानावळींसाठी जी वॉक रेंज बनते तिची ताकद तिचे उत्पादक बीटीयूमध्ये सांगतात, आणि तासाला एक लाख बीटीयू हा तिथे नेहमीचा आकडा आहे. त्याचे होतात सुमारे २९ किलोवॉट. आपल्या बर्नरच्या दहा-बारा पट! हाच फरक सिलिंडरच्या भाषेत आणखी चटकन कळतो. एक किलो एलपीजी जळल्यावर सुमारे ४६ हजार किलोज्यूल उष्णता मिळते. अडीच किलोवॉटचा घरचा बर्नर पूर्ण मोठा ठेवला तर तासाला जेमतेम २०० ग्रॅम गॅस पितो, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर त्यावर अखंड सत्तर तास चालेल. २९ किलोवॉटची रेंज तासाला सव्वादोन किलो गॅस खाते. दुकानातला १९ किलोचा सिलिंडर तिच्यावर एका लांबलेल्या दिवसात, आठेक तासांत, संपेल.

एवढा गॅस येतो कुठून, आणि आपल्याकडे का येत नाही? सिलिंडरच्या आत वायूचा दाब वातावरणाच्या कितीतरी पट असतो. घरगुती रेग्युलेटर तो उतरवून चौरस सेंटीमीटरला सुमारे ३० ग्रॅमवर आणतो, वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम तीन टक्क्यांवर. इतक्या सौम्य दाबाने गॅस नळीतून येतो आणि पितळी नोझलच्या सुईएवढ्या छिद्रातून बर्नरच्या नळीत शिरतो. तिथे जे घडतं ते मला फार देखणं वाटतं. गॅसची ती बारीक धार आपल्या वेगाने आजूबाजूची हवा स्वतःबरोबर ओढून घेते. पंखा नाही, पंप नाही, तरी ज्योतीला लागणाऱ्या हवेचा मोठा भाग पेटण्याआधीच गॅसमध्ये मिसळलेला असतो. १८५५ च्या सुमारास हायडेलबर्गमध्ये रॉबर्ट बुन्सेन आणि त्याचा यंत्रकार पीटर डेसागा यांनी प्रयोगशाळेसाठी याच तत्त्वाचा दिवा घडवला. शाळेतल्या त्या दिव्याचा वंश आज आपल्या प्रत्येक ओट्यावर नांदतो आहे.

पण या व्यवस्थेला मर्यादा आहे. धारेने हवा ओढायची म्हणजे ती ठरावीकच येणार, आणि हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, काजळी धरते. मोठ्या चिनी रेंजमध्ये म्हणूनच हवा आत ढकलायला चक्क ब्लोअर बसवलेला असतो. अशा स्वयंपाकघरात बोलणं ऐकू येत नाही ते याच्या आवाजामुळे. आचारी गॅस कमी-जास्त करतो तो गुडघ्याने, समोरच्या दांडीला रेटा देऊन, कारण दोन्ही हात कामात असतात. रेंजच्या पत्र्यावरून सतत पाणी वाहतं ठेवलेलं असतं. ते नसेल तर त्या धगीने पत्राच वाकेल. हाँगकाँगच्या रस्त्यांवरच्या जुन्या दाय पाय दाँग नावाच्या खाण्याच्या टपऱ्यांवर गॅसऐवजी रॉकेलचे फर्रकन पेटणारे स्टोव्ह असत, आणि त्यांच्या ज्वाळा उंच उठत.

आता या सगळ्या ताकदीची गरज ज्याच्यामुळे पडते त्याच्याकडे येऊ: पाणी.

कोबीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. तीनशे ग्रॅम कोबी २५ अंशांवरून १०० पर्यंत तापवायला साधारण ९० किलोज्यूल लागतात. आपल्या अडीच किलोवॉटपैकी निम्मी उष्णता कढईत शिरते असं धरू. बाकीची कडेने वर निघून जाते आणि आपल्यालाच घाम आणते. मग तेवढ्या तापवण्यालाच सत्तर सेकंद लागले. खानावळीच्या रेंजवर आणखी मोठा हिस्सा वाया जातो, तरी २९ पैकी तिसरा हिस्सा आत गेला तर तेच काम नऊ-दहा सेकंदांत होतं. आता भाजीच्या बाजूने पाहा. साधारण ६० अंशांच्या आसपास तिच्या पेशींची आवरणं फुटायला लागतात आणि आतलं पाणी बाहेर येतं. रेंजवरची भाजी हा टप्पा धावत ओलांडते. घरची भाजी त्यात रेंगाळते.

आणि पाणी बाहेर आलं की खरी अडचण सुरू होते. १७६० च्या दशकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक नावाच्या प्राध्यापकाला एक विलक्षण गोष्ट उमगली. उकळत्या पाण्याखाली कितीही जाळ घाला, त्याचं तापमान वाढत नाही. उष्णता आत जात राहते आणि तापमापकाला पत्ताच लागत नाही! ती सगळी वाफ करण्यात खर्च होते. यालाच आपली पुस्तकं अप्रकट उष्मा म्हणतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० ज्यूल लागतात. तेच पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला जेवढे लागले त्याच्या सातपट. आपल्या बर्नरची कढईत पोचणारी सगळी उष्णता या एकाच कामाला लावली तरी सेकंदाला अर्धा ग्रॅम पाणी उडतं, मिनिटाला दोन मोठे चमचे. भाजीला पाणी त्याहून वेगाने सुटत असेल तर ते साचणारच. आणि जोवर तळाशी पाणी आहे तोवर त्याच्या खालचं लोखंड शंभर अंशांच्या फारसं वर जाऊ शकत नाही. खाली हजाराहून जास्त अंशांची ज्योत, वर शंभर अंशांचं डबकं, आणि जिंकतं डबकं.

खमंगपणा तर शंभर अंशांच्या बराच वर राहतो. १९१२ मध्ये लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापवली की तपकिरी रंग आणि नवे वास कसे जन्मतात हे नोंदवलं. भाकरीवरचे डाग, भाजलेल्या खोबऱ्याचा वास, तळलेल्या कांद्याची गोडी, या सगळ्यांत ती क्रिया आहे. ती वेग घेते १४० अंशांच्या आसपास आणि पुढे. म्हणजे भाजीचा पृष्ठभाग आधी कोरडा झाला पाहिजे, तरच तो इतका तापेल. आपल्याकडे भेंडी धुऊन, पुसून, मगच चिरतात आणि परतताना तिच्यावर झाकण ठेवत नाहीत. ब्लॅकचं नाव न ऐकताही कितीतरी घरांनी हा हिशेब पक्का केलेला आहे.

आता माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर भाग. बर्नर अडीच किलोवॉटचा आहे आणि तो तेवढाच राहणार. पण उष्णता साठवता येते, आणि साठवायची जागा आपल्या हातातच असते. ती म्हणजे कढईचं लोखंड.

दोन किलो वजनाची लोखंडी किंवा बिडाची कढई घ्या. ती रिकामी २५० अंशांपर्यंत तापवा. त्या धातूत, २५० पासून १०० पर्यंत उतरताना सोडता येईल अशी, जवळजवळ १४० किलोज्यूल उष्णता साठलेली असते. आपल्या तीनशे ग्रॅम कोबीला उकळीच्या तापमानापर्यंत न्यायला ९० लागत होते. म्हणजे गॅस बंद केला तरी, निव्वळ साठ्यावर, भाजी तिथवर जाऊन वर काही वाफही उडून जाईल. ही उष्णता साधारण अर्ध्या मिनिटात भाजीत उतरली असं मानलं, तर तेवढा वेळ लोखंड एकटंच साडेचार किलोवॉटचं काम करतं, आणि खालच्या बर्नरचे सव्वा मिळवले तर ओट्यावर जवळजवळ सहा किलोवॉट उभे राहतात. कढईचा काठ तळाइतका तापत नाही, म्हणून प्रत्यक्षात हिशेब थोडा कमी भरतो. तरी तीन-चार मिनिटं धीर धरून तापवलेल्या कढईने अर्ध्या मिनिटापुरती शेगडीची ताकद कित्येक पट करावी, हे मला अजूनही नवल वाटतं.

यातून एक गंमतशीर उलटापालट होते. खानावळीतला वॉक कार्बन स्टीलचा, पातळ आणि हलका असतो, कारण खाली रेंज आहे. धातू थंड झाला तरी पुढच्या सेकंदात तो पुन्हा तापतो. आचाऱ्याला हवं असतं ते चपळ भांडं. आपल्याला हवं साठा करणारं. त्यामुळे हौसेने आणलेल्या पातळ चिनी वॉकपेक्षा घरातली जुनी, जड, काळी कढई अशा परतण्याला अनेकदा जास्त उपयोगी पडते. लोखंडी कढयांचा इतिहास चीनमध्येही मोठा आहे. दक्षिणेतल्या ग्वांगडाँग प्रांतातलं फोशान हे शहर मिंग आणि चिंग राजवटींत ओतीव लोखंडाच्या कढयांसाठी नावाजलेलं होतं, आणि तिथल्या कढया दूरदूर जात. घरोघरी ती कढई विटांच्या चुलीच्या तोंडात बसवलेली असे. ज्वाळा आतल्या आत तिच्या गोल पोटाला वेढून राहत, जशा आपल्या मातीच्या चुलीत राहतात आणि उरलेली धग शेजारच्या वैलावर जाते. वॉकचा तळ गोल आहे तो अशा आगीसाठी. आपल्या शेगडीच्या उघड्या जाळीवर ज्वाळा कडेने निसटतात.

कढई पुरेशी तापली हे ओळखायला तापमापक लागत नाही. बोटांवरून पाण्याचा एक थेंब टाका. दीडशेच्या आत असेल तर थेंब पसरतो, चर्र करतो आणि डोळ्यांदेखत आटून जातो. आणखी तापू द्या, पुन्हा थेंब टाका. दोनशेच्या वर कुठेतरी अचानक वेगळंच घडतं: थेंब पसरतच नाही. तो गोल गोळी होऊन तळावरून सुळकन घरंगळतो, काठापर्यंत जाऊन परत येतो, थरथरतो, आणि आधीच्या थेंबापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतो. कढई जास्त तापलेली, तरी पाणी जास्त वेळ जगतं! थेंबाच्या खालचा भाग स्पर्श होताच वाफ होतो आणि त्या वाफेच्या पातळ गादीवर उरलेला थेंब तरंगत राहतो. लोखंड आणि पाणी यांची गाठच पडत नाही. जर्मनीतल्या ड्युइसबुर्गचा वैद्यकाचा प्राध्यापक योहान गोटलोब लायडेनफ्रॉस्ट याने लालभडक तापवलेल्या लोखंडी चमच्यात थेंब टाकून हे निरखलं आणि १७५६ मध्ये त्यावर लिहिलं. आज या परिणामाला त्याचंच नाव आहे.

थेंब नाचला की तेल घालायचं आणि लगेच भाजी. रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलातून २२५-२३० अंशांच्या आसपास धूर निघायला लागतो; घाण्याचं तेल त्याच्या बऱ्याच आधी धुरावतं, म्हणून या कामाला ते घेऊ नये. नॉनस्टिक कढई मात्र अशी रिकामी कधीही तापवायची नाही. तिच्यावरचा थर २६० अंशांच्या पुढे विघटित व्हायला लागतो, त्याची वाफ श्वासाला घातक असते, आणि घरात पिंजऱ्यात पक्षी असेल तर त्याच्या जिवावर बेतते.

साठा मर्यादित आहे, म्हणून दुसरी गोष्ट ओघानेच येते: एका वेळी थोडंच घालायचं. हे सांगणारा जुना लेखक म्हणून मला युआन मेई आवडतो. अठराव्या शतकातला हा चिनी कवी नानजिंगमध्ये आपल्या बागेत राहायचा आणि खाण्यावर मनापासून प्रेम करायचा. १७९२ मध्ये त्याचं पाकशास्त्रावरचं पुस्तक आलं. त्यात तो आगीचे प्रकार सांगतो: परतायला योद्ध्यासारखी जोरदार, शिजवायला विद्वानासारखी शांत. पुढे मापही देतो. परतण्याच्या पदार्थात मांस अर्ध्या जिनपेक्षा जास्त नको, कोंबडी किंवा मासा सहा लियांगपेक्षा जास्त नको, नाहीतर आगीचा जोर आत पोचत नाही. त्या काळचा अर्धा जिन म्हणजे सुमारे तीनशे ग्रॅम, सहा लियांग म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. ज्यूल हे एकक तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं, आणि तरी त्याचा आकडा आपण वर लोखंडाच्या हिशेबात धरलेल्या आकड्याच्या शेजारी येऊन बसतो. मोजमाप न करता निव्वळ जिभेने आणि नजरेने माणूस किती अचूक पोचू शकतो!

चौघांसाठी नूडल्स करायच्या तर म्हणूनच भाजी दोन-तीन घाण्यांत परतावी आणि प्रत्येक घाणा ताटात काढून ठेवावा. दोन घाण्यांच्या मध्ये कढई रिकामी ठेवून मिनिट-दोन मिनिटं पुन्हा तापू द्यायची. हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पण त्या रिकाम्या मिनिटात बर्नर आपलं काम करत असतो; पुढच्या घाण्याची उष्णता लोखंडात भरली जात असते.

कढईवरचा भार आधीच कमी करण्याचे मार्ग खुद्द कँटनी स्वयंपाकघरांतही वापरतात, एवढी आग हाताशी असूनही. टणक भाज्या उकळत्या पाण्यातून काढून निथळून घेतात. मांसाच्या पातळ कापांना कॉर्नफ्लोर लावून ते गरम तेलातून किंवा पाण्यातून अर्धवट शिजवून ठेवतात. ८० अंशांची फरसबी कढईत पडली तर तिला उकळीपर्यंत न्यायला उरतात फक्त वीस अंश. २५ वरून आली असती तर पंच्याहत्तर. भाजी परतण्याचं निम्म्याहून जास्त काम शेजारच्या बर्नरवर, साध्या पातेल्यात होऊन गेलेलं असतं. फक्त ती निथळून, फडक्यावर पसरून कोरडी व्हायला हवी, नाहीतर वाचवलेली सगळी उष्णता तिच्या अंगावरचं पाणी उडवण्यात जाईल. भातालाही हेच लागू. रात्री फ्रिजमध्ये ठेवलेल्या भातातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, शितं सुटी होतात, वरची ओल उडून जाते. फोडणीचा भात आपण उगाच शिळ्या भाताचा करत नाही.

मग उडवायचं काय? वॉक म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो हवेत उसळणारा भात. जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या हंगतांग को आणि डेव्हिड हू यांनी तैवान आणि चीनमधल्या आचाऱ्यांचं चित्रीकरण करून या हालचालीचा अभ्यास केला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एक उसळी पूर्ण व्हायला सुमारे एक तृतीयांश सेकंद लागतो. त्यात वॉक एकाच वेळी दोन गोष्टी करतो: मागे-पुढे सरकतो आणि शेगडीच्या कडेवर टेकून झुलतो. या दोन हालचाली किंचित मागे-पुढे असतात, आणि त्या फरकातूनच भात वर फेकला जातो व पुन्हा आत झेलला जातो. वॉक या सगळ्या वेळात शेगडीवरून उचलला जात नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. खाली एवढी आग असताना प्रत्येक शीत सतत हललं नाही तर करपेल. हवेतला क्षण त्याला सुटका देतो.

घरच्या शेगडीवर हेच कौशल्य तोट्याचं ठरतं. इथे करपण्याची भीती नाही, थंड पडण्याची आहे. कढई उचलून उडवली की तेवढा वेळ ज्योत छताकडे जाते आणि भाजी हवेत आणखी थंड होते. म्हणून मी म्हणेन, घरी हलवा कमी. भाजी तळभर पसरा, वीस-तीस सेकंद हात आखडता घ्या, खालची बाजू डागाळू द्या, मग उलथन्याने एकदा खालवर करा आणि पुन्हा थांबा. पंखाही बंद ठेवा. ज्योत कडेला झुकली तर आधीच तुटपुंजी असलेली उष्णता ओट्याकडे जाते.

एक गोष्ट मात्र या सगळ्या युक्त्यांनी पुरती साधत नाही, ती म्हणजे कँटनी लोक ज्याला ‘वॉक हे’ म्हणतात तो धुरकट वास. खानावळीत ज्वाळा वॉकच्या पाठीमागून काठाच्याही वर येतात. भाजी उसळली की तिच्याबरोबर तेलाचा अतिशय बारीक तुषार उडतो, तो त्या ज्वाळेत सापडून भपकन पेटतो, आणि त्या जळण्यातून तयार झालेले वास पुन्हा पदार्थावर बसतात. घरच्या ज्वाळा काठापर्यंत पोचतच नाहीत. अमेरिकेतले पाकलेखक जे. केंजी लोपेझ-आल्ट यांनी २०२२ च्या ‘द वॉक’ या पुस्तकात यावर उपाय दिला आहे: परतलेली भाजी धातूच्या ट्रेमध्ये पसरून तिच्यावरून हातातल्या गॅस टॉर्चची ज्योत फिरवायची, म्हणजे वरचं तेल जागच्या जागी तडतडत जळतं. कल्पना शास्त्राला धरून आहे. पण आपल्या अरुंद स्वयंपाकघरांत, वर तेलकट जाळीची चिमणी, शेजारी गॅसची नळी, अशा ठिकाणी मी ती कुणाला सुचवणार नाही. कढई तिरकी करून तेल पेटवण्याचा खेळ तर नकोच. कधी चुकून तेल पेटलंच तर गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवायचं. पाणी टाकलं तर ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल चौफेर उडवतं. गाडीवाल्यांची हाय-प्रेशर भट्टी घरात आणायचा मोहही अनेकांना होतो. तिची जागा उघड्यावर आहे. बंद खोलीत एवढ्या आगीला लागणारा ऑक्सिजनही नसतो आणि निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वाटही नसते.

त्यापेक्षा आहे त्या बर्नरकडे लक्ष दिलं तर बरंच हाती लागतं. ज्योत नीट पाहा. आत एक लहान, गडद निळा सुळका असतो, त्याच्याभोवती फिकट निळं आवरण. आतल्या सुळक्यात गॅस अजून जळायचा असतो. सगळ्यात जास्त धग असते त्याच्या टोकाच्या जरा वर. गोल तळाची कढई जाळीत इतकी खाली बसली की तळ त्या सुळक्यालाच चेपतो, तर गॅस अर्धवट जळतो, ज्योत पिवळी पडते, तळ काळा होतो. जाळी बदलून किंवा कढई थोडी वर बसवून हे सुटतं. बर्नरची छिद्रं उतू गेलेल्या दुधाने बुजलेली असतील तर ती टाचणीने मोकळी करा, बर्नरची टोपी धुऊन पूर्ण वाळवून मगच बसवा. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते, पण ती मोजतात सपाट तळाच्या, पाणी भरलेल्या भांड्यावर आणि स्वच्छ बर्नरवर. पिवळी ज्योत म्हणजे त्यातला हिस्सा काजळीच्या रूपाने वाया चाललेला.

आणि सॉस सगळ्यात शेवटी. सोया सॉस म्हणजे मुख्यतः पाणीच. तो सुरुवातीला भाजीवर ओतला तर आतापर्यंत राखलेला कोरडेपणा एका चमच्यात जातो. दोन-तीन घाणे परतून झाले, नूडल्स आणि भाजी पुन्हा एकत्र कढईत आली, की सगळं मधे ओढून घ्या आणि कडेचं लोखंड दहा-पंधरा सेकंद उघडं तापू द्या. मग सॉस पदार्थावर न ओतता त्या उघड्या कडेवरून गोल फिरवत सोडा. लोखंडाला लागताच त्यातलं पाणी उडतं, आणि सोयाबीन आंबताना तयार झालेली अमिनो आम्लं व साखरा तापल्या लोखंडावर पसरून क्षणात तपकिरी होतात, मायारने सांगितलं तसंच. बाटलीतल्या सॉसला नसलेला वास तेव्हा येतो. तो आला की लगेच दोनदा खालवर करून गॅस बंद करा, कारण कढईत अजून साठा आहे आणि ती पुढे मिनिटभर शिजवत राहील.